सोनेरी शिरोरेषा

दिल्लीतल्या आमच्या कार्यालयात धातूंची एक उतरंड आहे. ती कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, पण सगळे ती पाळतात. अवर सचिव निवृत्त झाले तर निरोप समारंभाच्या बॅनरवर त्यांचं नाव पितळी अक्षरांत येतं. संचालक असतील तर चांदी. संयुक्त सचिव आणि त्यांच्या वरच्यांना सोनं. बाकीचे आम्ही साध्या काळ्या छपाईत जगतो आणि काळ्या छपाईतच निवृत्त होतो.

ही उतरंड माझ्यामुळे सुरू झाली. आमच्या विभागातल्या एका संगणकावर फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर कुणीतरी कधीतरी घालून ठेवलं होतं. एका अवर सचिवांच्या निरोपाच्या वेळी मी इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून त्यांचं नाव पितळेचं करून दाखवलं. ते बघून एका संचालकांना वाटलं की अवर सचिवाला पितळ मिळतं तर आपल्याला निदान चांदी मिळायला हवी. सरकारी नोकरीत एखादी कला येते हे एकदा उघड झालं की ती कला राहत नाही, कर्तव्य होते. माझं मूळ काम संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं जुळवण्याचं. पण ऑफिसात मला ओळखतात ते ‘गोल्डवाले’ म्हणून.

सोनं करायची रीत सोपी नाही. नवख्या माणसाला वाटतं, पिवळा रंग भरला की झालं. पिवळा रंग भरला की हळद होते. अक्षराच्या पोटात वरून खाली पट्टे द्यावे लागतात. वर फिकट, जवळजवळ दुधासारखा. मग एकदम गडद तपकिरी. त्याला चिकटून एक पांढरीशुभ्र बारीक रेघ. आणि त्याखाली हळूहळू उतरत जाणारं पिवळं. धातू समोर जे असेल ते दाखवतो. वर आकाश, खाली जमीन, मधे अंधाराचा पट्टा. तो अंधार पुसला की सोनं मेलंच. मग अक्षरांच्या कडा उचलायच्या आणि एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने सावली पाडायची.

यात देवनागरीची एक अडचण आहे. व्हिडिओ करणाऱ्यांची अक्षरं सुटी सुटी असतात. आपली अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कडा उचलायला गेलं की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर वेगळं समजतं आणि शिरोरेषेवर दोन अक्षरं जुळतात तिथे भेग पडते. म्हणून मी आधी सगळी अक्षरं वितळवून त्यांचं एकसंध चित्र करतो आणि मग सोनं चढवतो. चित्र झालं की ते कापडासारखं कुठेही ओढता येतं, वाकवता येतं. सगळ्यात शेवटी मी डावा डोळा मिटतो आणि उजव्याने शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतो, सुतार फळी बघतो तशी. सॉफ्टवेअरमध्ये मापाची सरळ रेघ ओढायची सोय आहे. पण ती माझ्या उजव्या डोळ्यापेक्षा सरळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात हिंदी पंधरवड्याचा समारोप होता. वर्षभर सगळ्या फायली इंग्रजीत चालवणारं आमचं कार्यालय पंधरा दिवस हिंदीवर इतकं प्रेम करतं की हिंदीलाच अवघडल्यासारखं होत असेल. संयुक्त सचिवांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला बोलावून घेतलं.

“मंत्री जी आ रहे हैं,” ते म्हणाले. “बैकड्रॉप पर सोना चाहिए। असली वाला। पिछली बार पीतल जैसा लग रहा था।”

“सर, पिछली बार पीतल ही था.”

“तो इस बार मत होने देना।”

साहेबांच्या टेबलावर सगळ्या गोष्टी एकमेकींना समांतर असतात. पेनं, पेपरवेट, स्टीलची पट्टी, पाण्याचा झाकलेला ग्लास. कुणी फाईल तिरकी ठेवली तर ते बोलता बोलता बोटाने ती सरळ करतात. मी आणि माझी बायको घरी यावर पुष्कळ हसलो आहोत.

‘राजभाषा पखवाड़ा समापन समारोह’ एवढी अक्षरं करायची होती. त्याच्या काही दिवस आधीपासून मला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चमक दिसायला लागली होती. मान वळवली की बाहेरच्या कडेला उजेडाची बारीक कमान झळकून जायची. मेट्रोत, जिन्यात, दिवा बंद केल्यावर. मग नजरेसमोर काळे ठिपके तरंगायला लागले. मी लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा लावतो, तेव्हा डोळ्यांचे नखरे मला नवे नव्हते. आणि कारणही हाताशी होतं. दिवसभर सोन्यावर पांढऱ्या रेघा मारणाऱ्या माणसाला चमक दिसणार नाही तर काय दिसणार?

घरी मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला ना गोल्डचा ओव्हरडोस झालाय. थोडा ब्रेक घ्या यार.”

बायको म्हणाली, “नंबर वाढला असेल. मंत्री येऊन गेले की दाखवून घ्या.”

आमच्या घरात कुठलीही गोष्ट मंत्री येऊन गेल्यावर करायची असते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसांचा हा रोगच आहे.

नमुना दाखवायच्या दिवशी सकाळी सोनं चढवून झालं आणि मी नेहमीसारखा डावा डोळा मिटून बघितलं. ‘समारोह’मधला ‘मा’ खचला होता. त्याच्या डोक्यावरची रेघ मधे खाली गेली होती, पावसाने ओली झालेली दोरी जाते तशी. मला वाटलं, चित्र करताना काहीतरी बिघडलं. ते अक्षर पकडून थोडं वर ओढलं. सरळ झालं. मग नजर ‘रो’कडे गेली तर ‘रो’ खचलेला. तो ओढला, तर ‘ह’ खचलेला. मग मागे वळलो. ‘समापन’ सगळंच पोटात गेलेलं. जिथे बघावं तिथे रेघ खाली बसत होती आणि मी एकेका अक्षराला काखेत हात घालून उभं करत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच चाललं होतं. सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, सगळ्यात कमी दराच्या निविदेतून आलेल्या मॉनिटरला घातल्या. शेवटी एकदाची ओळ सरळ दिसली. छापून साहेबांकडे पाठवली.

लगेच बोलावणं आलं.

साहेबांनी कागद टेबलाच्या कडेला समांतर ठेवला होता. “ये क्या है?”

“बैकड्रॉप का नमूना, सर.”

“ये सोना है कि जलेबी?” ते म्हणाले. “पूरी लाइन लहरा रही है। मंत्री जी के सिर के ऊपर हिंदी लहराएगी? आपको मज़ाक लग रहा है?”

मी वाकून बघितलं. डावा डोळा मिटला. ओळ सरळ होती. मला मनातल्या मनात हसू आलं. समांतर पेनांच्या राज्यात राहून राहून साहेबांची नजरच बिघडलीय, असं काहीतरी घरी जाऊन सांगायचं वाक्य मी जुळवतही होतो.

साहेबांनी स्टीलची पट्टी उचलली आणि शिरोरेषेवर ठेवली. “देखिए।”

मी पट्टीकडे बघितलं. पट्टी मधे वाकली होती.

“सर, पट्टी टेढ़ी है,” मी म्हणालो.

माझ्या बावीस-तेवीस वर्षांच्या नोकरीत कुणा संयुक्त सचिवाला मी असं उत्तर दिलं नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण मी पट्टीच्या डाव्या टोकाकडे बघितलं तर ती तिथे वाकली, उजव्या टोकाकडे बघितलं तर तिथे. पोलादाची पट्टी माझ्या नजरेच्या वजनाने खाली बसत होती.

मी डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला.

पट्टी सरळ झाली. आणि पट्टीखाली माझी सोनेरी अक्षरं, एक वर एक खाली, उधळलेल्या वरातीसारखी नाचत होती. सकाळपासून मी काय करत बसलो होतो ते मला एका क्षणात दिसलं. सरळ असलेली ओळ मी माझ्या डोळ्याच्या मापाने वाकडी केली होती.

मी टेबलाची कड धरली आणि पुन्हा उजव्या डोळ्याने बघितलं. कड वाकली. साहेबांच्या मागची खिडकी, भिंतीवरचा नकाशा, कपाटाचं दार, सगळं उजव्या डोळ्याला मधोमध मऊ झालेलं दिसत होतं. आणि नाकाच्या बाजूला खाली एक राखाडी सावली होती. ती दोन दिवस तिथे होती हेही मला तेव्हाच कळलं. चष्म्याच्या काडीची असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

“क्या हुआ?” साहेब म्हणाले. आवाज बदलला होता.

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. एक आँख से टेढ़ा दिख रहा है, सर, दूसरी से सीधा, असं काहीतरी दोनदा म्हणालो.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच हात वर नेला, स्वतःचा एक डोळा झाकला आणि पट्टीकडे बघितलं. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला. भारत सरकारचे संयुक्त सचिव आणि मी, एकेक डोळा झाकून एका पट्टीसमोर उभे होतो. त्यांची पट्टी दोन्हीकडून सरळ असावी, कारण त्यांनी मोठा श्वास सोडला आणि मग तो सोडल्याची त्यांना लाज वाटल्यासारखं दिसलं.

“मेरी गाड़ी ले जाइए,” ते म्हणाले. “अभी।”

“सर, बैनर...”

“छोड़िए यार बैनर को।”

मी बायकोला फोन केला. तिला काहीही हळूहळू सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, “सकाळपासून वाकडं दिसतंय?”

“हो.”

“आणि तुम्ही अक्षरं सरळ करत बसलात?”

“अगं, मला वाटलं अक्षरंच...”

“निघा. मी ऑटोने पोचते. आणि मान हलवू नका.” फोन ठेवता ठेवता ती थांबली. “कुठला डोळा?”

“उजवा.”

तिने फोन ठेवून दिला. उजव्या डोळ्यानेच मी वाचतो. डावा लहानपणापासून आळशी आहे; त्याला मोठी अक्षरं तेवढी नीट लागतात. हे तिला लग्नाआधीपासून माहीत आहे.

साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर पांढरा टॉवेल अंथरलेला असतो. या टॉवेलवर मी आयुष्यभर विनोद केले. सरकारी माणसाच्या पाठीला टॉवेलशिवाय देशाचा भार पेलत नाही, वगैरे. त्या दुपारी मी त्या टॉवेलवर ताठ बसून राहिलो, मान न हलवता. डोळे मिटले की भीती वाटायची की उघडल्यावर सावली वर आलेली असेल. उघडे ठेवले की ती वर येताना दिसेल अशी भीती. दिल्लीच्या रस्त्यावर सरळ रेघा किती असतात! पुलाचे कठडे, मेट्रोचा मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, दुकानांच्या पाट्या. मी प्रत्येक पाटीची शिरोरेषा बघत होतो. मिठाईवाला खचलेला. चष्मेवाला खचलेला. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “सर, तबीयत ठीक है?” त्याने मला सर म्हटलं ते टॉवेलमुळे. हॉस्पिटलच्या फाटकावर एरवी ऑटोला अडवतात. या गाडीला पहारेकऱ्याने सलाम ठोकून आत सोडलं. मी त्या सलामाचा मनापासून आभारी होतो, आणि आभारी असल्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. भीतीने माणूस इतका साधा होतो.

बायको आधीच पोचली होती. पायात घरातल्या चपला होत्या. तिने माझा हात कोपरापाशी धरला, आंधळ्या माणसाचा धरतात तसा. तसा धरलाय हे तिच्याही लक्षात आलं, आणि तिने तो बदलून बोटं धरली.

डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. तो वेळ कसा काढायचा हे कुणी सांगत नाही. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं, आणि बायको त्याच्याकडे पाठ करून बसली. मी मनात हिशोब मांडायला लागलो होतो की काय काय वाचायचं राहिलंय. निवृत्तीनंतर वाचू म्हणून क्वार्टरच्या माळ्यावर खोकी भरून ठेवली आहेत. दिल्लीत मराठी पुस्तकं मिळत नाहीत म्हणून दर सुट्टीत पुण्याहून बॅग भरून आणलेली. बायको नेहमी म्हणायची, आधी जुनी वाचा, मग नवी आणा. मी म्हणायचो, पळून जातायत का? पुस्तकं पळून जातील असा विचार माझ्या मनात येत नव्हता. डोळे पळून जाऊ शकतात हेही कधी आलं नव्हतं.

“कसला विचार करताय?” बायकोने विचारलं.

“खोक्यांचा.”

“मी वाचून दाखवीन,” ती लगेच म्हणाली. आणि मग चिडून, “पण तशी वेळ येणार नाहीये. काहीतरी बोलायला लावता.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कपाळावर दिवा लावून, भिंग धरून त्यांनी बराच वेळ आत बघितलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“पर्दा उतर रहा है,” त्या म्हणाल्या. “आँख के पीछे जो पर्दा होता है, वो फटकर अपनी जगह से छूट रहा है। बीच वाले हिस्से के किनारे तक आ गया है, इसीलिए लाइन टेढ़ी दिखी। पहले चमक दिखी थी?”

“दिखी थी.”

“तब क्यों नहीं आए?”

मी बायकोकडे बघितलं. तिने छताकडे बघितलं.

“मैं सोने के अक्षर बनाता हूँ, डॉक्टर. कंप्यूटर पर. मुझे लगा उसी की चमक है.”

मला वाटलं होतं त्या हसतील. एरवी या वाक्यावर लोक हसतात. त्या हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, “लाइन टेढ़ी है, ये किसने पकड़ा?”

“मेरे साहब ने.”

“उनको थैंक यू बोलिएगा। और दो दिन निकल जाते तो बीच का हिस्सा भी उठ जाता।”

“पढ़ पाऊँगा?”

त्यांनी पेन थांबवलं. “कल सुबह पहला ऑपरेशन आपका। उम्मीद अच्छी है। वादा नहीं कर सकती।”

त्या भेटीतलं मला हे एकच वाक्य शब्दशः आठवतं. मी संसदेच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणारा माणूस आहे. वचन न देता आशा दाखवणारी वाक्यं हा माझा व्यवसाय. असं वाक्य समोरून ऐकताना कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर करतात, माणसाला नाही. तोंडावर हिरवं कापड होतं आणि आत एकेक हत्यार उतरताना मला सावलीसारखं दिसत होतं. डोळा मिटता येत नाही आणि बघायचं नाही असंही म्हणता येत नाही, अशी ती जागा आहे. कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालं, “बस, हो गया अंकल.” झालं नव्हतं. बऱ्याच वेळाने झालं.

डोळ्यात वायू भरला होता, पडदा जागेवर दाबून ठेवायला. त्यासाठी मान खाली घालून राहायचं. बसताना, जेवताना, झोपताना. साहेबांसमोर कधी न घातलेली मान मी घरात रजईच्या घडीवर घालून पडलो होतो. मुलगी जमिनीवर उताणी झोपून माझ्या तोंडाखाली यायची आणि गप्पा मारायची. तिने समारोपाचे फोटो आणले होते. डाव्या डोळ्याने बघितले. बॅनर कुणीतरी घाईत केला होता. अक्षरं सपाट, हळदीच्या रंगाची. मंत्री हसत होते. साहेब त्यांच्यापासून अगदी योग्य अंतरावर उभे होते.

“कोणाला कळलं पण नाही बाबा, गोल्ड नव्हतं ते,” मुलगी म्हणाली.

वायू हळूहळू विरला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चौकटीचौकटींचा कागद माझ्यासमोर धरला आणि डावा डोळा झाकायला सांगितला. बायको खुर्चीच्या कडेवर होती. मला रेघा दिसल्या. जवळजवळ सगळ्या सरळ. मधल्या एका ठिकाणी थोडीशी लचक राहिली होती, आणि ती राहील असं त्या म्हणाल्या. त्यातून वाचता येतं. सावकाश, एकेका ओळीला बोट लावून, पण येतं. मग त्यांनी माझा डावा डोळा तपासला. त्यातही पडदा दोन जागी विरलेला निघाला. तिथे लेझरने टाके घातले. “चमक दिखे तो उसी दिन आना,” त्या म्हणाल्या. “सोच-विचार मत करना।”

त्यामुळे आता आमच्या घरात चमक हा विषय गमतीचा राहिलेला नाही. साहेबांनी बदली होऊन जाताना स्वतःच्या निरोपाला सोनं मागितलं नाही. मीही केलं नाही.

परवा सकाळी आम्ही दोघं बाल्कनीत चहा घेत होतो आणि डावीकडे काहीतरी झळकलं. माझा हात कपावरच थांबला. मी मान हलवली नाही.

“तुला दिसलं का काही?” मी विचारलं.

तिनेही कप खाली ठेवला नव्हता. “दिसलं,” ती म्हणाली. “खाली कुणीतरी स्कूटर वळवतंय. तिचा आरसा आहे.”

“नक्की?”

“मलाही दिसलं म्हणजे नक्की.”

आम्ही दोघं कठड्यावरून वाकून ती स्कूटर फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिलो.